चरातलं गवत

भिंगरीचा मामा तिच्या आईला घार म्हणायचा. ती या नोकरीला लागली त्याच आठवड्यात त्यानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिनं फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं घारे, आज वरून काय काय दिसलं?"

काम तसं नावासारखंच होतं, फक्त उडायचं नाही, खुर्चीत बसायचं. कुठं वीजकेंद्र बांधलं जातंय, कुठं विजेचं उपकेंद्र, कुठं डेटा सेंटर, त्या सगळ्या जागांची उपग्रहानं काढलेली चित्रं तिच्या पडद्यावर यायची. जुनं चित्र डावीकडे, नवं उजवीकडे. भिंत चढली का, छप्पर बसलं का, यंत्रं हलली का, हे बघायचं आणि मालक म्हणतो त्या मुदतीत काम उरकेल की रखडेल ते सांगायचं. हिरवा शेरा म्हणजे वेळेवर, पिवळा म्हणजे ढिलाई, लाल म्हणजे काम ठप्प. मालकाला विचारलं तर प्रत्येकाचं काम वेळेवरच चाललेलं असतं. म्हणून तर लोक मालकाला न विचारता यांच्या कंपनीला विचारत.

भिंगरीला पाळणाघरात सोडून कामावर आली त्या पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल, तर पाळणाघराचं आवार शोधून काढलं. मिळालंही. तपकिरी चौकोन, त्यात एक हिरवा ठिपका. ती बराच वेळ डोळे ताणून पाहत राहिली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वाकवली. ढगांनी झाकलेली चित्रं निवडून बाजूला काढणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला ढगवाला म्हणत.

"काय शोधताय?"

"लेक."

"हे चित्र मागच्या महिन्यातलं आहे."

"म्हणजे ती यात नाहीच?"

"झाड आहे ना," ढगवाला म्हणाला. "झाडावर भागवा."

ती हसली, पण दुपारपर्यंत तिनं पाळणाघरात फोन केलाच. असा तिचा स्वभाव. रांगती पोर झोपली तरी ही नाकापुढे बोट धरून श्वास बघणार, आणि श्वास लागला की पुन्हा एकदा बघणार, मघाशी नीट लागला होता ना म्हणून.

जागा वाटून दिल्या गेल्या तेव्हा तिच्या वाट्याला आलेल्या जागांत दादाचं डेटा सेंटर निघालं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, तिथला साइट सुपरवायझर. शहराबाहेर लांबलचक पांढऱ्या छपराची इमारत उभी राहत होती. लोकांचे फोटो, निरोप, हिशेब असं सगळं सांभाळणारी यंत्रं आत ओळीनं मांडायची होती आणि त्यांना एका छोट्या शहराला पुरेल इतकी वीज लागणार होती. कंपनीचा नियम साधा होता. एखाद्या जागेवर आपलं कुणी माणूस असेल तर ती जागा दुसऱ्याला द्यायची. प्रमुखबाईंनी विचारलंही होतं, "कुणाचं काही नातं-गोतं?" ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात तिला पडद्यावर फाटकाजवळ दादाची गाडी दिसली.

पांढरी गाडी, टपावर निळं ठिगळ. टप गळत होता म्हणून दादानं त्यावर निळ्या पत्र्याचा तुकडा बसवला होता. तो स्टुलावर चढला होता आणि स्टूल तिनं धरलं होतं. त्या करड्या, परक्या, कुणाचंच काही नसलेल्या पसाऱ्यात तेवढं एक ठिगळ तिच्या ओळखीचं. ती गप्प बसली. यात कुणाचं काय जातंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग ती सवयच लागली. नवं चित्र आलं की आधी ठिगळ शोधायचं. दिसलं की दादा कामावर पोचला. भिंगरीच्या नाकापुढचं बोट आणि हे ठिगळ, दोन्हींतून मिळणारी स्वस्थता एकाच जातीची होती.

*

एका रविवारी ती, नवरा आणि भिंगरी दादाकडे जेवायला गेली. भिंगरी उंच खुर्चीत, तिच्यापुढे कुस्करलेला बटाटा. चमच्यानं भरवायला घेतलं की पोर मान फिरवायची, आणि बोलायला लागलं की ऐकत तोंड उघडायची. त्यामुळे घास भरवायचा तर बोलत राहावं लागे.

"तुझ्या नणंदबाईंना वरून आपलं स्वयंपाकघरपण दिसत असेल," दादा बायकोला म्हणाला. "भांडी घासून ठेवत जा."

"मग तुमचे मोजेपण दिसले असतील, खिडकीतले," वहिनी म्हणाली. "वन्सं, खरं सांगा, दिसतात ना?"

"मोजे नाही दिसत गं वहिनी. गाड्या दिसतात."

"मग तुम्ही ओळखता कसं, काम चाललंय का थांबलंय?" दादानं विचारलं. "माणूस तर मुंगीएवढापण दिसत नसेल."

भिंगरीनं तोंड उघडलं होतं. घास जात होता. कुणी आपल्या कामाबद्दल इतक्या आवडीनं विचारत नसे. नवरा तर 'तुझं ते नकाशाचं' एवढंच म्हणायचा. तिची जीभ सैल सुटली.

"आधी क्रेन बघायची. तिचा दांडा मागच्या वेळी होता त्याच दिशेला असेल तर ती बंद. आऽ कर बाळा. मग गाड्या, किती आहेत आणि जागा बदलल्या का. मग ढीग. पाइपांचा ढीग इकडचा तिकडं गेला म्हणजे कुणीतरी वापरतंय. आऽ. मग ताडपत्र्या. आणि इमारतीला छप्पर पडलं ना दादा, की आतलं काही दिसत नाही. मग सगळी भिस्त या बाहेरच्या हालचालींवरच."

"आणि फोटो कधी काढतात?"

"सकाळीच. कामावरची माणसं पहिल्या चहाला बसतात ना, त्या सुमाराला उपग्रह वरून जातो."

"अस्सं," दादा म्हणाला. "घार मोठी हुशार झाली."

"अजून एक आहे," ती म्हणाली, "ते सगळ्यात गमतीचं..." पण भिंगरीनं वाटी उडवली, बटाटा वहिनीच्या साडीवर, हशा पिकला, फडकं शोधलं गेलं, आणि ते सगळ्यात गमतीचं सांगायचं राहून गेलं.

*

त्यानंतर दादाच्या जागेला हिरव्यामागून हिरवा शेरा पडत गेला. कंपनीचं यंत्र दोन चित्रांतला फरक स्वतःच मोजायचं आणि तिला सुचवायचं. ते हिरवा सुचवी. तिनं फक्त मान्य करायचं. ती ठिगळ बघे आणि मान्य करी.

या शेऱ्यांवर विसंबून चालणाऱ्यांत एक ट्रान्सफॉर्मर बनवणारा कारखाना होता. हे ट्रान्सफॉर्मर म्हणजे काही कपाटातून काढून दिले असं नसतं. घराएवढी वस्तू. एक तयार व्हायला लोक डोळ्यांत प्राण आणून वाट बघतात. त्यामुळे रांग, आणि ज्याची जागा आधी तयार होणार त्याचा नंबर आधी. एकाच मापाचा ट्रान्सफॉर्मर दोन ठिकाणांना हवा होता. एक दादाचं डेटा सेंटर. दुसरं एका गावाचं उपकेंद्र, ज्याच्या विजेवर मुलांचं नवं हॉस्पिटल चालायचं होतं. दादाला हिरवा, उपकेंद्राला पिवळा. पुढचा ट्रान्सफॉर्मर दादाच्या नावावर लागला.

उपकेंद्रही तिच्याच वाट्याचं होतं. त्याला पिवळा तिनंच दिलेला, आणि तेव्हा तो खराही होता. पण त्या लोकांनी झपाटा लावला. आता तिथं ट्रान्सफॉर्मर ठेवायचा चौथरा बांधून तयार होता, नव्या पानासारखा कोरा. आणि हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला जनरेटरचे ट्रक येऊन उभे राहिले होते, ओळीनं. हॉस्पिटल थांबलं नव्हतं, पोरांची आजारपणं कुठं थांबतात? ते डिझेलवर सुरू झालं होतं. धुरानं मागची भिंत काळवंडली होती. दर चित्रात डाग थोडा वर चढलेला, आणि डागाच्या वर खिडक्यांची ओळ.

तिनं उपकेंद्राचा शेरा हिरवा केला. तोवर नंबर लागून गेला होता. चालायचंच, तिनं मनाशी म्हटलं. ते डेटा सेंटरही तयारच आहे की.

आणि मग ते चित्र आलं. हवा लख्ख, ढगाचा मागमूस नाही. तिनं सवयीनं ठिगळ शोधलं, दिसलं. हात 'मान्य'कडे गेला होता, तेव्हा तिच्या नजरेला फाटकापासून इमारतीपर्यंत एक हिरवी रेघ खुपली.

तिथं केबल टाकायचा चर होता. नुसत्या रेघेवरून काही कळेना, म्हणून तिनं चित्र मोठं केलं. गवत होतं. चरात गवत उगवलं होतं, आणि चांगलं जाड उगवलं होतं.

जिथं माणसं रोज उतरतात, वर येतात, ढेकळं पायाखाली तुडवतात, त्या चरात गवत धरत नाही. हेच ते सगळ्यात गमतीचं. हेच सांगायचं राहिलं होतं.

तिनं मागची सगळी चित्रं एकाखाली एक लावली. क्रेनचा दांडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पण क्रेन ज्या पायावर उभी त्याच्या भोवतीची माती तशीच. डंपर एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, पण फाटकाकडे जाणारा चाकांचा मागच नाही. पाइपांचा ढीग फाटकापाशी, मग भिंतीपाशी, मग परत फाटकापाशी. ढीग तेवढाच. ताडपत्री दर वेळी वेगळ्या जागी, आणि तिच्याखाली काही नसावं अशी सपाट.

क्रेन, गाड्या, ढीग, ताडपत्र्या. ज्या क्रमानं तिनं जेवणाच्या टेबलावर घास भरवता भरवता म्हटलं होतं, त्याच क्रमानं. भिंगरी गालिच्यावर आपल्या लाकडी गाड्या या टोकाच्या त्या टोकाला नेऊन ठेवते आणि टाळ्या पिटते, तसं कुणीतरी मोठं माणूस तिथं रोज सकाळी खेळत होतं. आणि ती इथं बसून टाळ्या पिटत होती.

"बरं नाही का?" ढगवाल्यानं विचारलं.

"लेकीला जरा कणकण आहे," ती म्हणाली. ते खरंही होतं, पण तेव्हा तिच्या मनात लेक नव्हती, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळची सुट्टी घेतली. भिंगरीला पाळणाघरात ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला मागच्या सीटवर बांधलं आणि गाडी दादाच्या साइटकडे घेतली. पहिल्या चहाच्या सुमाराला पोचली. फाटकावरच्या राखणदारानं नाव विचारलं, तिनं 'बहीण' म्हणून सांगितलं, त्यानं फाटक उघडलं. तिनं गाडी निळ्या ठिगळाशेजारी लावली.

आवाज नव्हता. इतकी बांधकामं तिनं पाहिली होती, पण वरून. वरून आवाज नसतोच. त्यामुळे इथली शांतता तिला आधी नेहमीसारखीच वाटली, आणि मग अंगावर आली. आवारात एकच यंत्र घरघरत होतं. डंपर. त्याच्या स्टिअरिंगवर दादा.

तिला पाहून तो खाली उतरला, हात पँटला पुसले.

"घारे! आज खाली उतरलीस? आणि ही कोण, ही भिंगरी? ये गं ये, मामाकडे ये." त्यानं पोर खांद्यावर घेतली. "अंग गरम आहे गं हिचं."

"दादा, माणसं कुठं आहेत?"

"चहाला गेलीत."

"सगळी?"

"आमच्याकडे चहा फार चांगला मिळतो."

ती हसली नाही. त्याचंही हसू हळूहळू उतरलं. तो पाइपांच्या ढिगावर टेकला.

"तुला कशावरून कळलं?"

"चरात गवत आहे."

दादानं वळून चराकडे पाहिलं. रोज त्याच्या कडेनं जाणारा माणूस तो, पण असं पाहिलं जसा काही चर आत्ताच कुणी आणून ठेवलाय. "गवत," तो म्हणाला. "ते तू सांगितलं नव्हतंस."

"भिंगरीनं वाटी उडवली."

"हो. मामीची साडी." त्यानं पोरीच्या पाठीवर थोपटलं. "मालकानं हात आखडला गं. मुख्य माणसं दुसऱ्या कामावर नेली, मग बाकीची आपसूक गेली. मला म्हणाला, साइट चालू दिसली पाहिजे, पुन्हा सुरू होईपर्यंत. कशी दिसायची ते तू बघ. मला कुठं ठाऊक होतं कशी दिसते ते? तू शिकवलंस." आणि मग, तिला सगळ्यात लागलं ते हे, की तो थोडा खुशीतच आला. "ताडपत्रीचं माझ्याच डोक्यातून. एकाच जागी दोनदा नाही टाकायची. हिरवा आला ना दर वेळी?"

"आला."

"मग! म्हटलं, आपली घार फसली म्हणजे कुणीही फसेल."

"मी फसले नाही, दादा. मी बघतच नव्हते. तुझी गाडी दिसली की माझं बघणं संपायचं."

दादा पोरीला थोपटत राहिला.

"वहिनीला माहीत आहे?"

"काय?"

"की इथं तू एकटा असतोस."

"ती रोज डबा देते," दादा म्हणाला. "दोन माणसांचा देते. म्हणते, कुणीतरी खाईल सोबतचं. राखणदार खातो."

तिनं फोन काढला आणि उपकेंद्राचं चित्र त्याच्यासमोर धरलं. दादा याच धंद्यातला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"चौथरा तयार आहे."

"केव्हाचा."

"मग ट्रान्सफॉर्मर का नाही बसवला?"

"तुझ्या नावावर लागलाय."

त्यानं चित्र बोटांनी मोठं केलं. भिंगरीचं डोकं त्याच्या खांद्यावर जड झालं होतं, तिचा एक हात त्याच्या कानाशी. "हा काळा डाग कसला?"

"जनरेटरचा धूर. वरची ओळ ती खिडक्यांची. मुलांचं हॉस्पिटल आहे."

फोन परत देत तो हळूच म्हणाला, "लाल दिलास तर पहिली माझी नोकरी जाणार. तुला साधं दिसणं सांभाळता आलं नाही म्हणेल मालक."

"ठाऊक आहे."

"आणि मला हे सगळं कुणी शिकवलं ते विचारतील."

"ते मी सांगेन."

"वेड लागलंय का? पोर पदरात आहे तुझ्या. पिवळा दे. पिवळा द्यायला काय होतं? थोडं थांब, काम सुरू होणारच आहे."

"एकदा लागलेला नंबर पिवळ्यानं हलत नाही, दादा."

"मग आलीस कशाला?" त्याचा आवाज चढला. भिंगरी दचकली, त्यानं लगेच तिला थोपटलं, पण नजर बहिणीवरच ठेवली. "विचारायला आलीस का सांगायला?"

खरं उत्तर असं होतं की 'लाल दे, मी बघून घेईन' हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणजे ते ओझं अर्धं त्याच्या खांद्यावर गेलं असतं, लहानपणी दप्तर जायचं तसं. दादानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं, त्याला तिचं सगळं कळायचं. आणि तो ते बोलला नाही.

त्यानं भिंगरीला अलगद तिच्या हातात दिलं. वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"आत्ता आहे का वर?"

"असेल."

तो गेला, डंपरमध्ये चढला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यानं डंपर या कडेचा त्या कडेला नेऊन लावला.

*

त्या सकाळचं चित्र तिच्या पडद्यावर आलं तेव्हा यंत्रानं दोन्ही चित्रं ताडून पाहिली आणि हिरवा सुचवला. नेहमीपेक्षा जोर देऊन सुचवला. डंपर हललेला होता. आणि आवारातल्या गाड्यांत एकीची भर पडली होती.

निळ्या ठिगळाला चिकटून एक छोटा लाल ठिपका. तिचीच गाडी. चित्र टिपलं गेलं तेव्हा ती तिथंच कुठंतरी उभी असणार, लेकीला कडेवर घेऊन. माणूस मुंगीएवढापण दिसत नाही. दिसत होता तो फक्त तिच्या येण्यानं वाढलेला कामाचा आकडा.

ती त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिली. काही न करता नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं. यंत्रानं म्हटलं, हिनं मान्य केलं, एवढंच. कुणाला कधी कळलं नसतं. ट्रान्सफॉर्मर दादाच्या आवारात येऊन पडला असता, ताडपत्रीखाली, आणि एक दिवस त्याच्या भोवतीही गवत उगवलं असतं.

तिनं लाल दिला. कारणाच्या जागी लिहिलं, 'वाढलेली गाडी शेरा देणाऱ्याची स्वतःची.' मग उठून प्रमुखबाईंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, कारण तिला रडू येणार हे तिला ठाऊक होतं. आलंही.

प्रमुखबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भाऊ आहे हे आधी का नाही सांगितलंस?"

"त्याची गाडी दिसायची, मॅडम."

"म्हणजे?"

"दर चित्रात दिसायची. म्हणजे तो बरा आहे असं वाटायचं."

प्रमुखबाईंनी चष्मा परत घातला. "माझा मुलगा परगावी असतो," त्या म्हणाल्या. "मीपण शोधलं होतं एकदा त्याचं छप्पर. पण त्याच्यावर शेरा द्यायला मी बसले नाही." आणि मग कामाच्या आवाजात, "तुझ्या सगळ्या जागा मी काढून घेते. मागचे हिरवे कुणीतरी पहिल्यापासून तपासेल. पुढचं वरचे लोक ठरवतील. तोवर तू ढगांवर बस."

कारखान्याला कळवलं गेलं. रांग हलली. दादाचा नंबर मागे गेला, उपकेंद्राचा पुढे आला, आणि दादाचं भाकीत खरं ठरायला फार वेळ लागला नाही.

वहिनीचा फोन आला तो सुट्टीच्या दिवशी दुपारी, भिंगरीला नुकतंच निजवलं होतं. रडणं नाही, भांडण नाही. "वन्सं, एक विचारू? तुम्ही त्यांना आधी सांगायला गेला होतात म्हणे."

"गेले होते, वहिनी."

"त्यांना सांगितलंत. मला का नाही सांगितलं? मी इकडे रोज दोन माणसांचा डबा भरत होते. कुणासाठी भरत होते, एवढं तरी कळायला नको होतं का?"

तिनं माफी मागितली. वहिनी म्हणाली, "असू दे हो," आणि त्या 'असू दे'त असू देण्यासारखं काही नव्हतं.

*

ढगांचं काम डोक्याला ताप नसलेलं. चित्र यायचं, ढग असला तर डाव्या डब्यात, नसला तर उजव्या. कुठली जागा हे बघायचं नाही, बघायची गरजच नाही. ढगवाल्यानं तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं. "या, आमच्या पंगतीत," म्हणाला. त्यानं बाकी काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल तिला त्याचा फार आधार वाटला.

हॉस्पिटलचं चित्र त्या ढिगात येऊन गेलं होतं; एक दिवस लांबलचक पांढरं छप्पर आलं. ढग नव्हता. उजवीकडे टाकून मोकळं व्हायचं होतं. तिचा हात थांबला.

क्रेनचा दांडा होता तसाच. डंपर, ती तिथं होती त्या दिवशी दादानं नेऊन लावला होता, त्याच कडेला. चरातलं गवत काठावर चढून आवारात पसरलं होतं, पाइपांच्या ढिगापर्यंत, फाटकापर्यंत. ठिगळ नव्हतं. पण फाटकाजवळ, सगळ्या हिरव्याच्या मधोमध, एक उघडा लांबट चौकोन राहिला होता. गाडी जिथं इतके दिवस रोज उभी असायची तिथल्या मातीत गवत धरलं नव्हतं.

तिनं चित्र उजव्या डब्यात टाकलं आणि चहाच्या सुट्टीत दादाला फोन लावला. त्या दिवसानंतर तिनं लावलेला हा पहिलाच नव्हे, पण त्यानं उचललेला पहिलाच.

"हॅलो," ती म्हणाली. "दादा, मी."

पलीकडून त्यानं तिला नावानं हाक मारली. तिच्या खऱ्या नावानं, शाळेच्या दाखल्यावर असतं त्या. लहानपणापासून त्यानं तिला कधी त्या नावानं बोलावलं नव्हतं. काही ना काही वेगळं नाव त्याच्याजवळ असायचंच.

"भिंगरीचा ताप?" त्यानं विचारलं.

"केव्हाच उतरला."

"बरं." मागे कुठंतरी वहिनी भांडी आवरत होती. "त्या हॉस्पिटलसाठीचा ट्रान्सफॉर्मर आला का?"

"आला. बसवला. जनरेटरचे ट्रक गेले आता."

"आणि तो भिंतीवरचा डाग?"

"तो आहे अजून."

"असणारच," दादा म्हणाला. "धुराचा डाग रंगानं नाही जात. आधी खरवडावा लागतो." आणि मग, कामावर असताना ठेवायचा तसा, चट्कन फोन ठेवला.

ती आपल्या जागी परत आली. ढगवाल्यानं तिच्या पडद्याकडे मान वाकवली, तिथं पुढचं चित्र येऊन थांबलं होतं, सगळं पांढरंच पांढरं.

"हे काय बघताय? यात काहीच दिसत नाही."

"हो," ती म्हणाली, आणि तरी थोडा वेळ बघत राहिली.